हवेचा वाटा किती, बाष्पाचा किती: बाष्पदाब पेटीच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प: अकरावी-बारावी आणि बीएस्सी पहिल्या वर्षासाठी बाष्पदाब व उत्कलनबिंदूच्या प्रयोगांची पेटी
ठिकाण: ठाणे, घोडबंदर रोड
काळ: जून ते ऑगस्ट २०२५
(नोंदींत नुसतं 'मिमी' लिहिलं असेल तिथे पाऱ्याचे मिलिमीटर समजावेत.)

६ जून: पेटीत काय असावं

बाष्पदाब, म्हणजे बंद भांड्यात द्रवावर साठलेल्या त्याच्याच बाष्पाचा दाब, अकरावीला द्रव्याच्या अवस्थांच्या धड्यात येतो, बारावीला द्रावणांच्या धड्यात पुन्हा भेटतो. दोन्ही वेळा व्याख्या पाठ होते, वहीत आलेख निघतो. मोजलेला बाष्पदाब मात्र मुलांनी कधी पाहिलेला नसतो. पाऱ्याचा मॅनोमीटर हवा, व्हॅक्यूम पंप हवा, तो शाळेत नाही, म्हणून प्रयोग नाही, असं ठरून गेलेलं असतं. पाऱ्याचा विषय तसाही संपला आहे. पाऱ्याचा वापर आवरणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मंजूर केला, त्यामुळे नव्या पेटीत पारा घालायचा प्रश्नच नाही.

खरी अडचण उपकरणांची नाहीच. बंद भांड्यात बाष्प एकटं कधी नसतं, सोबत हवा असते आणि काटा दोघांचा मिळून दाब दाखवतो. डाल्टनने १८०१ मध्ये मांडलेला आंशिक दाबांचा नियम (मिश्रणाचा दाब म्हणजे प्रत्येक वायूच्या स्वतंत्र दाबाची बेरीज) इथे रोजच्या हिशेबात वापरायचा आहे. मार्ग दोनच: हवा पूर्ण हाकलायची, नाहीतर तिचा वाटा मोजून वजा करायचा. पेटीतला प्रत्येक प्रयोग या दोनपैकी कोणत्या वाटेने जातो ते त्याच्या कार्डावर पहिल्याच ओळीत लिहायचं ठरलं.

खरेदी: ६० मिलीच्या लूअर-लॉक सिरिंज आणि सलाईनचे थ्री-वे कॉक (तीन तोंडांच्या छोट्या तोट्या) सर्जिकलच्या दुकानात मिळतात, त्यासाठी ठाण्याबाहेर जायला नको. बीपीच्या मशीनचा डायल आणि रबरी फुगा तिथेच सुटे मिळतात. काचसामान (१० मिलीचे मेजरिंग सिलिंडर, २५० मिलीचा जाड काचेचा फिल्टर फ्लास्क, ५०० मिलीचा गोल बुडाचा फ्लास्क, १ लिटरचं बोरोसिलिकेट बीकर, फ्यूजन ट्यूब, केशनळ्या) मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून. ॲसिटोन आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल रसायनांच्या दुकानातून. इथेनॉल यादीतून काढलं. त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो आणि एवढ्यासाठी शाळेला त्या कागदपत्रांत अडकवण्यात अर्थ नाही.

११ जून: थर्मामीटर आधी तपासायचे

० ते ११० अंशांचे लाल अल्कोहोलचे थर्मामीटर एकाच खोक्यातले असले तरी उकळत्या पाण्यात अंश-दीड अंशाने वेगळं वाचन देतात. प्रत्येकाला नंबर देऊन दोन ठिकाणी तपासायचं.

शून्याचं वाचन: साध्या पाण्याचा बर्फ कुटून, त्यात तो जेमतेम भिजेल एवढंच पाणी घालून, बल्ब मधोमध ठेवून पाच मिनिटं थांबायचं. मासळी बाजारातली बर्फाची लादी स्वस्त पडते, पण तिला मीठ लागलेलं असू शकतं आणि मग वाचन शून्याखाली जातं. फ्रीजमधलाच बर्फ घ्यावा.

वरचं वाचन: बल्ब पाण्यात बुडवायचा नाही, उकळत्या पाण्याच्या वर वाफेत धरायचा. गुळगुळीत काचेत पाणी शंभराच्या वर जाऊनही शांत राहतं आणि मग धक्क्याने उसळतं. वाफेचं तापमान मात्र त्या दिवशीच्या हवेच्या दाबाला धरून असतं.

आणि तो दाब १०१.३ किलोपास्कल नसतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तो १००.४ च्या आसपास (१००४ हेक्टोपास्कल, ७५३ मिमी) असतो. शंभर अंशांजवळ दाब १ किलोपास्कलने उतरला की उत्कलनबिंदू ०.२८ अंशाने उतरतो. म्हणजे आजचा 'शंभर' खरं तर ९९.७. हवामान खात्याचा कुलाबा किंवा सांताक्रूझचा आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. चौथ्या मजल्यावरच्या लॅबसाठी त्यातून साधारण १.७ हेक्टोपास्कल वजा होतात, पण थर्मामीटरवर तो फरक दिसणार नाही, सोडून द्यावा. माथेरानला, ८०० मीटरवर, पाणी साडेसत्त्याण्णवच्या जरा खालीच उकळतं. सहलीला थर्मामीटर आणि छोटा स्टोव्ह नेणाऱ्या शिक्षकांसाठी ही ओळ कार्डावर राहू दे.

प्रत्येक थर्मामीटरच्या दोऱ्याला चिकटपट्टीचं लेबल: नंबर, शून्याची दुरुस्ती, शंभराची दुरुस्ती. अल्कोहोलची रेघ तुटलेली दिसली तर बर्फ-मिठात बल्ब गार करून ती खाली ओढून घ्यायची. झटकून जुळत नाही.

१४ जून: सिरिंजमधलं उकळणं

वाट: हवा हाकलणे. वेळ: दहा मिनिटं. आकडे काढायचा प्रयोग हा नव्हे.

कृती: थर्मासमध्ये ६० ते ७० अंशांचं पाणी. सिरिंजमध्ये गरम पाणी ओढून टाकून द्यायचं, दोनदा. हे केलं नाही तर थंड सिरिंज पाण्याचे तीन-चार अंश खाते आणि मुलं थर्मासचंच तापमान लिहितात. मग १० मिली ओढायचं, टोक वर करून हवेचा बुडबुडा बाहेर ढकलायचा, थ्री-वे बंद, दट्ट्या ५० मिलीपर्यंत मागे. पाणी उकळतं.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती पाण्यात विरघळलेल्या हवेमुळे. तीस अंशांच्या पाण्यातही दट्ट्या ओढला की बुडबुडे येतात आणि 'सर, हे पण उकळलं' असं ऐकू येतं. ती हवा असते. १० मिली नळाच्या पाण्यात सुमारे ०.१५ मिली हवा विरघळलेली असते, ताणलेल्या सिरिंजमध्ये ती फुगून भरपूर वाटते. ओळखायची खूण: दट्ट्या सोडा. बाष्प असेल तर एका क्षणात पाणी होऊन जागा भरून निघते आणि बारीक 'टक्' असा आवाज येतो. हवा असेल तर टोकाशी बुडबुडा तसाच उरतो. तो उरलेला बुडबुडा थ्री-वेतून बाहेर काढून पुन्हा ओढलं की दुसऱ्या वेळी जे दिसतं ते खरं उकळणं. कार्डावर 'दुसऱ्या ओढीपासून निरीक्षण लिहा' असंच छापायचं.

ताकद किती लागते हे हाताला कळणं हा यातला सर्वांत मोलाचा भाग. ६० मिलीच्या सिरिंजचं तोंड आतून साधारण २७ मिलिमीटर व्यासाचं. पाणी ४० अंशांचं असेल तर दट्ट्यावर साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो, ७० अंशांचं असेल तर चारच. आतून बाष्प मदत करतं. दट्ट्याला वजनं टांगून यातून बाष्पदाब काढता येईल असं वाटतं, पण रबराचं घर्षणच पाऊण-एक किलोचं असतं आणि ते दर वेळी वेगळं. त्या नादी लागू नये.

७० च्या वर जाऊ नये. थ्री-वे निसटला तर मनगट भाजतं.

२१ जून: बीपीचा काटा

वाट: हवा मोजून वजा करणे. पेटीतला मुख्य प्रयोग.

बीपीच्या डायलवर ० ते ३०० मिमी असतात, दर खूण २ मिमीची, आणि तो हवेच्या दाबापेक्षा किती जास्त तेवढंच दाखवतो. नेमकं तेच हवं आहे: बंद फ्लास्कमध्ये द्रव सोडला की काटा जेवढा चढेल तेवढा बाष्पाचा वाटा. हवेचा वाटा डायलने आधीच वजा केलेला असतो.

जोडणी: फिल्टर फ्लास्कच्या बाजूच्या नळीला रबरी नळी, तिला डायल. तोंडाला एका भोकाचं रबरी बूच, त्यात काचेची आखूड नळी, नळीवर दोन सेंटिमीटर रबर, त्यात थ्री-वे, त्याला सिरिंज. सुई बुचातून टोचायची पद्धत सोपी वाटते, पण वर्गात सुया नकोत. साधा शंकूच्या आकाराचा फ्लास्क घेऊ नये. काच पातळ असते आणि ॲसिटोनला आत पावणेतीनशे मिमीचा जादा दाब असतो. बूच तारेने किंवा जाड रबराने फ्लास्कच्या गळ्याशी बांधायचं, नाहीतर उडतं.

डायलकडे जाणारी नळी फ्लास्कपेक्षा वर नेऊन एक वळसा द्यायचा. द्रव ॲसिटोन डायलमध्ये गेला तर काटा चिकटतो, आणि पुढच्या प्लॅस्टिकवर एक थेंब पडला तरी ते पांढुरकं होऊन आकडे वाचता येत नाहीत. पीव्हीसीची पारदर्शक नळीही नको, ॲसिटोनने ती आधी मऊ आणि मग कडक होते. साधी लाल रबरी नळी चालते, थोडी फुगते, दर वर्षी बदलावी.

गळती तपासणी: सिरिंजच्या जागी बीपीचा फुगा लावून २०० मिमीपर्यंत दाब भरायचा. पाच मिनिटांत २ मिमीपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून फुगे बघायचे. बहुतेक वेळा गळती बुचाच्या भोकाशीच असते. काचेच्या नळीला ग्लिसरिनचा हात लावून बसवली की थांबते.

फ्लास्कचं खरं आकारमान '२५०' नसतं. बुचाच्या खालच्या कडेपर्यंत पाणी भरून मोजलं, नळ्या धरून ३१८ मिली.

२८ जून: काटा का चढत नाही

बाहेर पाऊस, लॅबमध्ये २९ अंश, आर्द्रता ८२ टक्के. २९ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ३० मिमी. पाणी सोडलं, काटा जेमतेम ५ च्या पुढे सरकला.

यात बिघडलेलं काहीच नाही. खोलीतली हवा आधीच २४-२५ मिमी बाष्प घेऊन फ्लास्कमध्ये शिरलेली आहे, जागा उरली ती पाच-सहा मिमीची. कोरड्या हवेच्या गावात बसून लिहिलेल्या कृतीत हा मुद्दा येत नाही, आपल्याकडे जून ते सप्टेंबर तोच मुख्य मुद्दा आहे. याहून छुपं कारण म्हणजे धुतलेला फ्लास्क. या आकारमानाच्या हवेला २९ अंशांना पूर्ण संपृक्त करायला फक्त १० मिलिग्रॅम पाणी लागतं, म्हणजे एका थेंबाचा पाचवा हिस्सा. फ्लास्क धुऊन पालथा ठेवला, काठाशी एकच थेंब राहिला, की प्रयोग सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो. काटा मग शून्यावरून हलतच नाही आणि सगळे गळती शोधत बसतात.

उपाय: ६० मिलीच्या सिरिंजच्या नळकांड्यात दोन्हीकडे कापूस घालून मधे नारिंगी सिलिका जेल भरायची. बीपीचा फुगा, मग हे नळकांडं, मग फ्लास्क. डायलची नळी काढून बाजूचं तोंड उघडं ठेवायचं आणि फुगा तीस-चाळीस वेळा हळू दाबायचा. घाईने दाबलं तर हवा जेलमधून नुसती पळते, कोरडी होत नाही. जेल हिरवी झाली की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास. असं केल्यावर त्याच खोलीत काटा २६ वर गेला. उरलेला फरक जेलच्या वाट्याला लिहायचा, शिवाय तो ओला आणि कोरडा बल्ब वापरून तपासता येतो. बीएस्सीच्या मुलांना हेच विचारावं: २६ आणि ३० मधले ४ मिमी कुठे गेले?

दुसरी दुरुस्ती सोडलेल्या द्रवाची. २ मिली द्रव आत गेला की हवेला २ मिली जागा कमी. ३१८ चे ३१६ झाले की हवेचाच दाब ७५३ च्या हिशेबाने सुमारे ५ मिमीने चढतो. ॲसिटोनच्या २७० पुढे हे ५ कुणाच्या लक्षात येत नाहीत. पाण्याच्या ३० पुढे मात्र सहावा हिस्सा. म्हणून पाणी ०.५ मिलीच सोडायचं, तेव्हा दुरुस्ती १ मिमीच्या आसपास राहते. ॲसिटोन १ मिली पुरे (संपृक्त व्हायला ०.३५ मिली लागतो, बाकीचा द्रव म्हणून दिसत राहायला हवा, नाहीतर आकडा बाष्पदाबाचा नाही).

तिसरं, फ्लास्क हातात धरायचा नाही. आतली हवा एका अंशाने तापली तर अडीच मिमी चढतात. फ्लास्क पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचा आणि थर्मामीटर त्याच पाण्यात. बूच दाबून बसवतानाही हवा दाबली जाते, म्हणून ते बसल्यावर थ्री-वे क्षणभर उघडून काटा शून्यावर आणायचा, मगच द्रव सोडायचा.

२९ अंशांची वाचनं, दुरुस्ती करून: ॲसिटोन २६८ (अपेक्षित २७२), आयसोप्रोपिल अल्कोहोल ५५ (अपेक्षित ५७), पाणी २६ (अपेक्षित ३०). ॲसिटोनचा काटा आधी झपकन वर जातो, मग मिनिटभर रेंगाळत चढतो, कारण बाष्पीभवनाने द्रव स्वतः गार होतो. तीन मिनिटं स्थिर राहिलेलं वाचनच लिहायचं.

इशारा, लाल शाईत: ३२ अंशांना ॲसिटोनचा बाष्पदाब ३०० च्या वर जातो आणि काटा डायलच्या बाहेर. एप्रिल-मेमध्ये ठाण्यातली बिनपंख्याची लॅब सहज तेवढी तापते. तेव्हा टबात बर्फ घालून २०-२५ अंशांवरच ॲसिटोन करावा. एरवीही १५, २०, २५, २९ अशी वाचनं घेतली तर त्याचा आलेख फार सुरेख येतो. टबाचं तापमान बदललं की फ्लास्कमधली हवाही आकसते-फुगते, दर अंशाला अडीच मिमीची ती दुरुस्ती विसरू नये. खोलीत बर्नर पेटलेला नको.

५ जुलै: पालथा सिलिंडर

वाट: हवा मोजून वजा करणे, पण इथे हवाच मोजपट्टी होते.

१० मिलीच्या सिलिंडरचा प्लॅस्टिकचा पाया काढून टाकायचा. पाण्याने अर्ध्याहून थोडा जास्त भरून, बोट लावून, १ लिटरच्या बीकरमध्ये पालथा. वर साडेचार मिलीच्या आसपास हवा अडकायला हवी. पाच मिली किंवा जास्त राहिली तर ८० अंशांना ती दहाच्या खुणेबाहेर जाते आणि काठाखालून एखादा बुडबुडा निसटला की पुढचं सगळं वाया. सिलिंडर पूर्ण बुडालेला हवा. ५०० मिलीच्या बीकरमध्ये तो वर डोकं काढतो आणि उघडं डोकं गार राहतं. सिलिंडरची चोच तळाशी टेकली तरी तिच्याखालून पाणी ये-जा करू शकतं, तेवढं पुरतं.

पाणी आधी उकळून गार केलेलं. हे ऐच्छिक नाही. जवळजवळ एक लिटर नळाच्या पाण्यातून तापताना दहा-बारा मिली हवा सुटते, तळावर बुडबुड्यांचा थर दिसतो, आणि त्यातले दोन-चार सिलिंडरच्या तोंडाखाली सापडले की अडकलेल्या हवेचं प्रमाणच बदलतं. उष्णता तोंडाच्या बरोबर खाली नको, बीकरच्या एका बाजूला.

७७-७८ अंशांपर्यंत तापवून बर्नर बंद. वाचनं उतरत्या तापमानाला घ्यायची, दर पाच अंशांनी, सारखं ढवळत. वरचं आणि खालचं पाणी न ढवळता तीन-चार अंशांनी वेगळं असतं. थर्मामीटरचा बल्ब हवेच्या शेजारी धरायचा, तळाशी नाही. ५० नंतर थोडं पाणी काढून त्या जागी बर्फ टाकत पाच अंशांच्या खाली न्यायचं. तिथे पाण्याचं बाष्प जवळजवळ नाहीच (४ अंशांना ०.८ किलोपास्कल), म्हणून ते आकारमान म्हणजे नुसत्या हवेचं.

सिलिंडर पालथा असल्याने पाण्याच्या पृष्ठभागाची खोलगट वाटी उलटी होते. दर वाचनातून ०.२ मिली वजा.

आजची वाचनं, ०.२ वजा करून, हवेचा दाब १००.४ किलोपास्कल:
७५ अंश: ७.९ मिली
७० अंश: ६.९
६५ अंश: ६.३
६० अंश: ५.८
५५ अंश: ५.४
५० अंश: ५.१
४ अंश: ३.९

१२ जुलै: त्याच वाचनांचा हिशेब

४ अंशांना अडकलेल्या हवेचा दाब १००.४ वजा ०.८, म्हणजे ९९.६. दाब गुणिले आकारमान भागिले केल्विन तापमान (अंश अधिक २७३): ९९.६ × ३.९ ÷ २७७ = १.४०२. हा आकडा अडकलेल्या हवेची ओळख, तो बदलत नाही. मोल काढायची गरज नाही, अकरावीला इथेच थांबलेलं बरं.

६० अंशांना हवेचा दाब: १.४०२ × ३३३ ÷ ५.८ = ८०.५. एकूण १००.४ मधून गेले की पाण्याचा बाष्पदाब १९.९ किलोपास्कल. कोष्टकातही १९.९. ७५ ला ३८.६ (कोष्टक ३८.६), ७० ला ३०.७ (३१.२), ६५ ला २५.२ (२५.०), ५५ ला १५.२ (१५.८), ५० ला ११.६ (१२.३).

खालचे दोन आकडे का घसरले ते बघण्यासारखं आहे. ५० अंशांना ०.०५ मिलीने, म्हणजे अर्ध्या खुणेने, वाचन चुकलं तर बाष्पदाब ०.८५ किलोपास्कलने, सात टक्क्यांनी बदलतो. ७५ अंशांना तेवढीच चूक फक्त एक टक्क्याची. गार पाण्यात हवेचा वाटा मोठा असतो, मोठ्यातून मोठा वजा करून लहान काढायचा, मग चूक त्या लहानाच्या डोक्यावर बसते. ५० च्या खालची वाचनं घेऊच नयेत, ती कितीही काळजीने घेतली तरी आलेख वाकवतात.

बीएस्सीसाठी: बाष्पदाबाचा नैसर्गिक लॉगॅरिदम उभ्या अक्षावर, केल्विन तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर. उतार उणे ५३७०, त्याला ८.३१४ ने गुणलं की बाष्पनाची एन्थाल्पी (एक मोल द्रवाचं बाष्प करायला लागणारी उष्णता) ४४.७ किलोज्यूल प्रति मोल. या तापमानांना मान्य आकडा ४२.५ च्या आसपास. पाच टक्के जास्त, आणि कारण वरच्याच परिच्छेदात आहे: ५० आणि ५५ चे बिंदू खाली ओढले गेल्याने रेषा जास्त तिरकी झाली.

सिलिंडरमधल्या पाण्याच्या पातळीवर बाहेरचं सहा ते नऊ सेंटिमीटर पाणी उभं असतं, म्हणजे ०.६ ते ०.९ किलोपास्कल जादा दाब. अकरावीला सोडून द्यायचा, बीएस्सीला फूटपट्टीने मोजून १००.४ मध्ये मिळवायला लावायचा.

१९ जुलै: गार पाण्याने उकळणारा फ्लास्क

वाट: हवा हाकलणे, आणि इथे अर्धवट हाकललेली हवा लगेच उघडी पडते.

५०० मिलीच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये २०० मिली पाणी, उघड्या तोंडाने पाच मिनिटं जोरात उकळू द्यायचं. बर्नर बाजूला, उसळी थांबली की लगेच घट्ट बूच. ज्योत चालू असताना बूच कधीच लावायचं नाही. पालथा करून रिंगमध्ये बसवायचा आणि वरच्या बाजूवर बर्फाच्या पाण्याने भिजलेलं फडकं ठेवायचं. पाणी पुन्हा उकळू लागतं आणि पन्नासच्या आसपास येईपर्यंत उकळत राहतं.

एकच मिनिट उकळून बूच लावलं तर ८० च्या आसपासच उकळणं थांबतं. आत उरलेली हवा बर्फाने पाणी होत नाही, तिचा दाब तसाच राहतो. दोन गटांना मुद्दाम वेगळा वेळ द्यावा, एकाला एक मिनिट, दुसऱ्याला पाच. याहून चांगलं प्रात्यक्षिक सापडलेलं नाही.

सपाट बुडाचा फ्लास्क यात चिरडतो. गोल बुडाचाही ओरखडा पडलेला नको. सगळ्यांना गॉगल. शेवटी बूच निघत नाही म्हणून ओढाताण होते तिथेच फ्लास्क फुटतात. कोमट पाण्यात बुडवून आतला दाब वाढला की ते सुटं होतं.

२६ जुलै: केशनळीने उत्कलनबिंदू

सिव्होलोबॉफची १८८६ ची पद्धत, कॉलेजात सगळ्यांनी केलेली असते, पण कुठलं वाचन घ्यायचं याबद्दल निम्म्या जर्नलांत गोंधळ दिसतो.

फ्यूजन ट्यूबमध्ये अर्धा मिली द्रव, त्यात एका टोकाला बंद केलेली केशनळी उघडं तोंड खाली करून. ट्यूब रबराच्या कड्याने थर्मामीटरला, बल्बच्या बाजूला. कडं पाण्याच्या पातळीच्या वर. ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन्ही शंभराच्या खाली उकळतात, तेव्हा तेलाची, थीलच्या नळीची (तेल तापवायच्या वळणाच्या काचनळीची) गरज नाही, पाण्याचं बीकर आणि इलेक्ट्रिक हॉटप्लेट पुरे. ज्योत टाळायचीच आहे.

तापवताना आधी सुटे बुडबुडे येतात: ती केशनळीतली हवा. मग सलग माळ सुटते: हवा संपली, आता नुसतं बाष्प. इथे वाचन घ्यायचं नाही. हॉटप्लेट बंद, ढवळत राहायचं. माळ मंदावते, थांबते, आणि द्रव केशनळीत शिरू लागतो. शेवटचा बुडबुडा तोंडाशी अडखळतो त्या क्षणाचं तापमान लिहायचं. तेव्हा आतल्या बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेएवढा असतो. पुन्हा तापवून त्याच ट्यूबवर दुसरं वाचन घेता येतं, पण द्रव एकदा पूर्ण वर शिरला तर केशनळी नवी घ्यावी.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ८२.० ला थांबलं, आजच्या दाबाला बरोबर. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं ८० च्या आसपास येतं, कारण पाण्यासोबत त्याचं ८०.४ अंशांना उकळणारं स्थिर मिश्रण होतं. ही तुलना मुद्दाम ठेवावी. नेलपॉलिश रिमूव्हर ॲसिटोन म्हणून वापरू नये, त्यात पाणी आणि तेलं असतात.

२ ऑगस्ट: मीठ

पेटीत ठेवायचं की नाही यावर मतभेद. १ किलो पाण्यात ५८.५ ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू जेमतेम एक अंश चढतो, थर्मामीटरची खूणच तेवढी. १०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम घेतलं तर साडेतीन-चार अंश दिसतात, म्हणून तेवढंच कार्डावर. बल्ब इथे द्रावणात बुडवायचा. वाफेत धरला तर त्यावर शुद्ध पाणी जमतं आणि वाचन शंभराच्या आसपासच राहतं. फुटक्या चिनी मातीचे दोन तुकडे तळाशी.

८ ऑगस्ट: पेटी बंद करताना

कार्डांचा क्रम ठरला: सिरिंज, फ्लास्क, बीपीचा काटा, सिलिंडर, केशनळी, मीठ. सिरिंज आधी, कारण बुडबुडा हवेचा की बाष्पाचा हे ओळखता आलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. बीपीचा काटा आणि सिलिंडर एकाच तासिकेत बसत नाहीत. सिलिंडरला गार व्हायलाच चाळीस मिनिटं लागतात, ती जोडतासिकेला द्यावीत.

पहिल्या कार्डावर हवेचा दाब, खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहायच्या तीन रिकाम्या चौकटी. त्या भरल्याशिवाय पुढची पानं द्यायची नाहीत अशी सूचना शिक्षकांच्या प्रतीत.

सिलिका जेलचं नळकांडं दोन्ही टोकांना टोपण लावून, झिपलॉक पिशवीत. डायलची नळी सुटी ठेवावी, जोडून ठेवली तर रबर तोंडाशी चिकटतं. ॲसिटोन पेटीतून पाठवायचा नाही, शाळेने स्थानिक घ्यावा. पालथ्या सिलिंडरचे काढलेले प्लॅस्टिक पाये फेकून देऊ नयेत, दुसऱ्या तासाला तेच सिलिंडर सरळ उभे लागतात.